‘डिस्कस अबाउट’ नेमकं कुठे चुकतं

तुझे चार प्रश्न होते: ‘डिस्कस अबाउट’ चूक का, ‘सिन्स’ की ‘फॉर’, ‘लेस’ की ‘फ्यूअर’, आणि ‘प्रीपोन’ (ठरलेली वेळ अलीकडे आणणं) मेलमध्ये लिहिलं तर चालेल का. एका दमात विचारलेस पण चारही एका जातीचे नाहीत, काही खरोखर चुका आहेत आणि काही नुसती कुणाची तरी आवडनिवड, म्हणून जिथे गरज आहे तिथेच जास्त लिहिते.

‘डिस्कस’पासून सुरू करू कारण या एका शब्दात खूप काही दडलंय. आपण मराठीत एखाद्या गोष्टीबद्दल चर्चा करतो, तो ‘बद्दल’ डोक्यात इतका पक्का असतो की इंग्रजीत आपोआप ‘अबाउट’ होऊन उतरतो. पण ‘डिस्कस’ला कर्म थेट लागतं, ‘वुई डिस्कस्ड द प्लॅन’, बस. आता खरी मेख बघ, त्याचंच नाम केलं की ‘अ डिस्कशन अबाउट द प्लॅन’ एकदम बरोबर! ‘रिक्वेस्ट’चंही तेच, ‘आय रिक्वेस्टेड अ रिफंड’ पण ‘अ रिक्वेस्ट फॉर अ रिफंड’. ‘एम्फसाइज’ला ‘ऑन’ नाही, ‘एम्फसिस’ला आहे. ‘आन्सर द क्वेश्चन’ पण ‘द आन्सर टू द क्वेश्चन’. म्हणजे तुझा कान चुकीचं ऐकत नाहीये, नामासोबत ऐकलेलं प्रिपोझिशन तो क्रियापदाला चिकटवतोय, इतकंच. फक्त याचा सरसकट नियम करू नकोस, ‘डिपेंड’ला ‘ऑन’ लागतंच आणि ‘डिपेंडन्स’लाही लागतं.

म्हणून माझं ठाम मत आहे की शब्द एकटा कधी पाठ करू नये, त्याच्या सोबत्यांसकट करावा. ए. एस. हॉर्नबी जपानमध्ये इंग्रजी शिकवायचे, त्यांनी सहकाऱ्यांबरोबर केलेली डिक्शनरी 1942 मध्ये तिथेच छापली गेली आणि 1948 मध्ये ऑक्सफर्डने काढली, तिच्यात नुसता अर्थ नव्हता तर क्रियापद वाक्यात कसं बसतं त्याचे साचेसुद्धा होते. आजच्या लर्नर्स डिक्शनऱ्या त्याच वाटेवरच्या आहेत, तर अर्थ वाचून पान मिटू नकोस, खालची उदाहरणं वाच, तुझं उत्तर नव्वद टक्के वेळा तिथेच असतं.

‘सिन्स’ आणि ‘फॉर’ पटकन सांगते. दोन्हीकडे मराठीत ‘पासून’ येतं तिथे घोळ होतो. सुरुवातीचा क्षण असेल तर ‘सिन्स’ (सिन्स मंडे, सिन्स 2019), किती काळ ते सांगायचं तर ‘फॉर’ (फॉर टू इयर्स). आणि काळही सांभाळ, ‘आय ॲम वर्किंग हिअर सिन्स टू इयर्स’ यात दोन चुका आहेत, ‘आय हॅव बीन वर्किंग हिअर फॉर टू इयर्स’ हवं.

‘लेस’ आणि ‘फ्यूअर’वरून मात्र कुणी अंगावर आलं तर घाबरू नकोस. मोजता येणाऱ्या वस्तूंना ‘फ्यूअर’, ही गोष्ट रॉबर्ट बेकर नावाच्या लेखकाने 1770 मध्ये मांडली आणि तीसुद्धा स्वतःची पसंती म्हणून, नंतर लोकांनी तिचा कायदा केला. मोजायच्या वस्तूंसाठी ‘लेस’ तर हजार वर्षांपूर्वीच्या इंग्रजीतही सापडतं. परीक्षेत, औपचारिक लिखाणात ‘फ्यूअर’ लिही, उगाच मार्क का घालवायचे, पण ‘लेस दॅन फाइव्ह माइल्स’ला ‘फ्यूअर’ करायला जाऊ नकोस, अंतर, वेळ, पैसे हे आपण एक-एक नग म्हणून मोजत नाही.

तू विचारलं नाहीस पण तुझं पहिलंच वाक्य ‘आय हॅव अ डाउट’ होतं. आपल्या ‘शंका’ शब्दात प्रश्नही मावतो आणि संशयही, ‘डाउट’मध्ये बाहेरच्या वाचकाला मुख्यतः संशयच दिसतो, तू त्याच्यावर अविश्वास दाखवतोयस असं त्याला वाटू शकतं. तिथे ‘क्वेश्चन’ लिही.

राहिलं ‘प्रीपोन’. डिक्शनऱ्यांमध्ये भारतीय इंग्रजी म्हणून नोंद आहे, शब्द नेमका आहे, मला स्वतःला आवडतो, आपल्या लोकांना बिनधास्त लिही. बाहेरच्यांना ‘ब्रिंग फॉरवर्ड’ लिही. ‘मूव्ह फॉरवर्ड’ नको, कारण बुधवारची मीटिंग दोन दिवस ‘मूव्ह फॉरवर्ड’ केली म्हटलं तर कुणी सोमवारी येतं आणि कुणी शुक्रवारी, त्यामुळे काहीही लिहिलंस तरी पुढे नवी तारीख टाकच.