मी ब्रिटिश नागरिक, पगार वर्षाला 26,000 पौंड. नवरा पुण्यात नोकरीला. जोडीदाराच्या व्हिसासाठी वर्षाला 29,000 पौंड उत्पन्नाची अट आहे, त्याला इकडे ब्रिटनमध्ये आणता येईल का? त्याचा पगार धरतात का?

आणता येईल. पण त्याचा पुण्यातला पगार धरत नाहीत, तुमच्या दुप्पट असला तरी. अर्ज भारतातून होतो तेव्हा नोकरीची कमाई फक्त तुमची मोजतात. बचत मात्र त्याचीही चालते, आणि हे कितीतरी जणांना माहीत नसतं.

तुम्ही एकाच ठिकाणी निदान सहा महिने कामाला आहात असं धरते. तुम्हाला 3,000 कमी पडतात. त्याची अडीच पट 7,500, त्यात 16,000 मिळवा: 23,500 पौंड. एवढी रक्कम तुमच्या, त्याच्या किंवा दोघांच्या खात्यात मिळून सलग सहा महिने असली की पैशांची अट पुरी होते. आईवडिलांनी दिलेले चालतात, उसने घेतलेले नाही. ही रक्कम पंचवीस लाखांच्या वर जाते, कल्पना आहे मला. नसेल तर दुसरी नोकरी धरा. तिचीही कमाई मोजतात, पण सहा महिन्यांच्या पे-स्लिपा हव्यात आणि प्रत्येक पगार बँक स्टेटमेंटमध्ये दिसायला हवा.

इथेच मी अडकले होते. तेव्हा अट 18,600 ची होती. मुलगी झाल्यावर केअर होममधले, म्हणजे वृद्धाश्रमातले, माझे कामाचे तास कमी झाले, म्हणून शनिवार-रविवार एका दुकानात उभी राहायचे, बाळ बहिणीकडे ठेवून. एका महिन्याचा पगार मालकाने रोख दिला. मी तो घरभाड्यात घातला, खात्यात भरलाच नाही. मोजणी पुन्हा पहिल्या महिन्यापासून. तुमच्या हातात कोणी पाकीट ठेवलं तर घेऊ नका, खात्यातच मागा.

नवरा आला तेव्हा मुलगी बावीस महिन्यांची होती. तो समोर बसलेला, आणि "बाबा कुठे?" विचारलं की ती टेबलावरच्या फोनकडे बोट दाखवायची. चार दिवस असंच चाललं. तो काही बोलला नाही, फक्त फोन खिशात ठेवायला लागला.

म्हणून या नियमाचा मला राग आहे. 2012 च्या जुलैआधी असा ठरलेला आकडा नव्हता; सरकारी मदतीशिवाय दोघं राहू शकता एवढं दाखवायचं. मग 18,600 आले, एप्रिल 2024 पासून 29,000. पुढे 38,700 पर्यंत नेणार होते, ते नवं सरकार आल्यावर थांबलं. ब्रिटनच्या सुप्रीम कोर्टाने 2017 मध्ये उत्पन्नाची अट कायम ठेवली, पण मुलांच्या हिताचा पुरेसा विचार नियमांत नाही, असंही सांगितलं. आजी आली तर पाळणाघराचा खर्च वाचतो, नवरा आला तर दुसरा पगार येतो, आजारपणात कोणी उशाशी बसतं. यातलं काही त्या 29,000 मध्ये मोजत नाहीत. म्हातारे सांभाळणाऱ्या बाईने स्वतःचं कुटुंब फोनवर सांभाळायचं, हे मला आजही पटत नाही.

पगार कमी म्हणून तुमच्या संसारात काही उणं आहे, असं मनात आणू नका. मी आणलं होतं.

टीबीची तपासणी आणि इंग्रजीची ए1, म्हणजे अगदी प्राथमिक पातळीची, परीक्षा यांची फार धास्ती नको. अर्जाच्या फीशिवाय आरोग्य अधिभार, म्हणजे इथल्या सरकारी आरोग्यसेवेसाठी भरायचे पैसे, वेगळा: वर्षाला 1,035 याप्रमाणे तीन वर्षांचे 3,105 पौंड, तेही आधीच. हे त्या 23,500 मधून काढू नका, नाहीतर सहा महिन्यांत शिल्लक कमी दिसेल. त्यासाठी आजच वेगळं खातं उघडा.