जूनमध्ये न येणारा फोन

"वाईट बातमी सांगायची वेळ माझ्यावर आलीय. ऐकणारा कोलमडला तर?" ही काळजी घेऊन माझ्याकडे समुपदेशनासाठी येणारे बहुतेक जण घरातल्या आजारपणाबद्दल बोलत असतात. या बाई मात्र आपल्या कॉलेजबद्दल बोलत होत्या. (ओळख पटेल असे तपशील बदलले आहेत.)

तालुक्याच्या गावातलं छोटं कला-वाणिज्य महाविद्यालय, आणि या तिथल्या प्रभारी प्राचार्य. मार्चअखेरीला आल्या तेव्हा रोज पहाटे तीनला जाग येत होती, छातीत धडधडत होतं. ईसीजी स्वच्छ निघाला म्हणून डॉक्टरांनी माझ्याकडे पाठवलेलं. पहिल्या बैठकीत मी त्यांना दीर्घश्वसन शिकवलं आणि संध्याकाळचा चहा बंद करायला सांगितलं. ती माझी घाई झाली. अडलं होतं भलतीकडेच.

ते दुसऱ्या खेपेला बाहेर आलं. भूगोलाचे कायमस्वरूपी प्राध्यापक निवृत्त झाल्यावर ते पद भरलंच गेलं नव्हतं. विभाग तासिका तत्त्वावरच्या दोघांच्या जिवावर चालला होता. 2024-25 पासून संलग्न महाविद्यालयांत नव्या शैक्षणिक धोरणाची रचना आली, आणि यांच्याकडे मुख्य विषय म्हणून भूगोल घेणारी मुलं उरली सात. फेब्रुवारीत संस्थेने ठराव केला: जूनपासून मुख्य विषयाला नवे प्रवेश नाहीत, आहेत ती मुलं बाहेर पडेपर्यंत विभाग चालेल. उरलेला वर्कलोड एका माणसापुरता. कागदोपत्री निवड समिती असते. पण दोघांतलं कोण, हे बाईंनाच ठरवायचं होतं.

सर अकरा वर्षं शिकवत होते, सेट (प्राध्यापकपदासाठीची राज्य पात्रता परीक्षा) उत्तीर्ण. मॅडम तीन वर्षं, सेट आणि शिवाय पीएचडी. गुणांच्या तक्त्यात मॅडम पुढे. आणि मॅडम बाईंचीच जुनी विद्यार्थिनी.

"मग सरांना कधी सांगणार?" मी विचारलं.

"सांगावं लागतच नाही हो. नेमणूक सत्रापुरती असते. परीक्षा आल्या की तास संपतात, तास संपले की मानधन थांबतं. जूनमध्ये आम्ही फोन करतो. नाही केला की ज्याचं त्याला समजतं."

या पाच वाक्यांवर आम्ही अख्खी बैठक काढली. कोणाला काढलं जात नाही, कोणाला पत्र मिळत नाही, नव्या टाइमटेबलात फक्त एक नाव नसतं. नियमाने बाई चुकत नव्हत्या. तरी पहाटे तीनला जाग येत होती.

अप्रिय निरोप द्यायची वेळ आली की माणसं मूग गिळून बसतात. सिडनी रोझेन आणि अब्राहम टेसर या मानसशास्त्रज्ञांनी 1970 मध्येच प्रयोगांतून हे दाखवलं होतं. समोरच्याला दुखवायचं नाही, असं आपण स्वतःला सांगतो. बाईही तेच सांगत होत्या. मी त्यांना एवढंच विचारलं, की जाहिराती आणि मुलाखती साधारण जून-जुलैत होतात. सर तुमच्या फोनची वाट बघत बसले तर इतर कॉलेजांत अर्ज कधी करणार? त्यांनी पर्समधून डायरी काढली. तारीख त्यांनीच ठरवली, एप्रिलचा दुसरा आठवडा.

मग रंगीत तालीम. मी सर झाले. कॅन्सरच्या रुग्णाला बातमी कशी सांगावी, यासाठी वॉल्टर बेल आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी 2000 मध्ये सहा टप्प्यांची पद्धत मांडली होती. सहाही टप्पे इथे लागू करायची गरज नव्हती. मी तीन टप्प्यांवर भर दिला: मध्येच कोणी डोकावणार नाही अशी जागा, आपण बोलण्याआधी समोरच्याला किती माहीत आहे हे विचारणं, आणि मुद्दा थोडक्यात सांगून गप्प बसणं.

शेवटचं सर्वांत अवघड गेलं. प्रत्येक वेळी बाई घसरायच्या: "तसं बघू, पुढच्या वर्षी काही निघालं तर..." मी थांबवलं. "हे 'बघू' सर आज घरी जाऊन बायकोला सांगतील. चालेल?" बराच वेळ त्या बोलल्या नाहीत. दुसरी अडचण कर्त्याची. वाक्य सारखं "संस्थेने ठरवलंय" असं यायचं. विभागाचा निर्णय संस्थेचा होता, नावाचा त्यांचा. शेवटी वाक्य असं झालं: "सर, जूनपासून आपल्याकडे तुमच्यासाठी तास नाहीत. दोघांतून निवड मी केली आहे."

प्रत्यक्षात त्या प्राचार्यांच्या केबिनमध्ये बसल्या नाहीत, तिथे शिपाई-क्लार्कची ये-जा. भूगोलाच्या प्रयोगशाळेत गेल्या. सर नकाशांच्या गुंडाळ्या लावत होते. बाईंनी ठरल्याप्रमाणे विचारलं, तुम्हाला काय काय कळलंय?

"ठरावाची झेरॉक्स माझ्यासमोरच काढली मॅडम, फेब्रुवारीत. आणि तेव्हापासून तुम्ही स्टाफरूममध्ये चहाला येत नाही."

सर कोलमडले नाहीत, संतापले. अकरा वर्षांचा हिशेब काढला. "तुमची विद्यार्थिनी म्हणून ना?" असंही तोंडावर विचारलं. बाईंनी तक्ता पुढे ठेवला, आणि बाहेरून तसंच दिसणार हेही कबूल केलं. सरांना पटलं नाही. पटायलाच हवं, असा हट्ट धरू नका, हे मी आधी बजावलं होतं. जाताना सरांनी अनुभव प्रमाणपत्र मागितलं, प्रत्येक वर्षाच्या तारखा वेगळ्या लिहून. दुसऱ्या दिवशी दुपारी ते सही-शिक्क्यासह त्यांच्या हातात होतं.

सगळे असे संतापून मोकळे होत नाहीत. बातमी ऐकून कोणी जगण्यात अर्थ नाही असं बोलू लागलं, तर त्याला एकटं सोडू नका. टेली-मानसच्या 14416 या सरकारी हेल्पलाइनवर रात्री-अपरात्रीही बोलता येतं, फोनचे पैसे पडत नाहीत.

बाई जूनअखेरीला पुन्हा आल्या. झोप पाचपर्यंत लागते म्हणाल्या. सरांना शेजारच्या तालुक्यात काही तास मिळालेत, एसटीने सव्वा तासाचा रस्ता. बाजारात समोर आले तर नमस्कार करतात, बोलत नाहीत.

"आता याचं काय करू?" त्यांनी विचारलं. पुढच्या गुरुवारची वेळ दिली आहे.