सोसायटीच्या हिशेबाचं सॉफ्टवेअर विकायचंय?

बँकेतली नोकरी सोडून कोडिंग शिकलात आणि आता हाउसिंग सोसायट्यांसाठी सॉफ्टवेअर करताय, हे ऐकून खरंच आनंद झाला. बँकेतली वर्षं वाया गेली असं अजिबात समजू नका. जमा-नावे कळणारा प्रोग्रामर सेक्रेटरीला शोधूनही सापडत नाही.

मोबाइल ॲप, चॅट, गेटवरची नोंद हे सगळं सध्या बाजूला ठेवा. मेंटेनन्सची बिलं, थकबाकीवरचं व्याज, पावत्या आणि ऑडिटरला हवा तसा ताळेबंद, एवढंच चोख करा. सदस्याने अर्धीच रक्कम भरली तर ती आधी व्याजात वळती करायची की मुद्दलात, यावरून कमिटीत हमखास वाद होतात. तो नियम सॉफ्टवेअरमध्ये सोसायटीला स्वतः ठरवता आला पाहिजे. दरमहा ७,५०० रुपयांवरच्या मेंटेनन्सला जीएसटी लागू होऊ शकतो, तेही धरून चला. विक्रीसाठी मार्च-एप्रिल गाठा. वर्षाच्या मधेच हिशेबाची पद्धत बदलायला सहसा कुणी तयार होत नाही.

फुकट मात्र देऊ नका. पहिल्या सोसायटीकडूनही थोडे पैसे घ्याच. पैसे मोजलेला माणूस चुका हक्काने सांगतो. वार्षिक वर्गणी ठेवा, कारण फोन वर्षभर येणार आहेत. तुमची उलाढाल २० लाखांच्या आत असेपर्यंत जीएसटी नोंदणीची सहसा गरज नाही.

आणि डेटाचा बॅकअप रोज, वेगळ्या ठिकाणी. सगळा डेटा एक्सेलमध्ये बाहेर काढायची सोय पहिल्याच आवृत्तीत द्या. कमिटी बदलली की नवा खजिनदार आधी तेच विचारतो.