'बफेलो चिप्स'ला मराठीत काय म्हणायचं?

प्रश्न असा आला होता की लुईस आणि क्लार्कच्या मोहिमेवर (अमेरिकेच्या पश्चिम भागाचा शोध घ्यायला निघालेली १८०४ ची मोहीम) मराठीत लिहिताना 'बफेलो चिप्स'चं, म्हणजे सरपण म्हणून जाळायच्या तिथल्या बफेलोच्या वाळक्या शेणाचं, 'म्हशीच्या गोवऱ्या' केलं तर चालेल का. मला विचाराल तर नाही चालणार, आणि यातले दोन्ही शब्द बदलायला हवेत.

आधी म्हैस. तिथला बफेलो म्हणजे बायसन, तो म्हशीपेक्षा गाईबैलांच्या आणि आपल्या गव्याच्या जवळचा. गव्याला इंग्रजीत इंडियन बायसन म्हणायचे ते उगाच नाही. पण म्हणून 'गवा' लिहिलंत तर वाचणाऱ्याला दाजीपूरचं जंगल दिसेल, आणि हे तर उघड्या माळावर हजारोंनी चरणारं केसाळ जनावर, म्हणून सरळ बायसनच लिहा.

आता गोवरी. गोवरी थापावी लागते, शेणात भुसा कालवून ती भिंतीवर मारली की पाच बोटं उमटतात आणि वाळली तरी ती बोटं तशीच राहतात. बायसनचं शेण कोण थापत बसणार? ते पडलं तिथंच उन्हावाऱ्यानं वाळायचं. आणि यासाठी आपल्याकडं अगदी नेमका शब्द आहे, रानशेणी! काही जण रानगोवरी म्हणतात. आयुर्वेदात भस्मं करायला रानगोवऱ्याच सांगतात. नुसतं 'शेणी' नको, कारण कोल्हापूरकडं थापलेल्यालाही शेणीच म्हणतात, सगळा अर्थ त्या 'रान'मध्ये आहे.

हा फरक का जपायचा ते लुईस-क्लार्कच्या माणसांचा दिवस कसा जायचा ते बघितलं की कळतं. मे १८०४ मध्ये मिसूरी नदीतून वर निघाले, ५५ फुटी मोठी नाव, प्रवाहाच्या उलट कधी वल्ही मारत, कधी बांबूसारख्या लांब काठ्यांनी रेटत तर कधी काठावरून दोरानं ओढत, दिवसा वाटेत स्वयंपाक करायची परवानगीच नाही, संध्याकाळी मुक्कामावर एकदाच चूल पेटायची आणि त्यातलंच दुसऱ्या दिवशी खायचं. एवढ्या माणसांना एका दिवसाला चार हरणं नाहीतर एक अख्खा बायसन लागतो असं लुईसनं १८०५ च्या जुलैत लिहून ठेवलंय. नदीकाठी कॉटनवुडची झाडं असायची म्हणून सरपणाची तशी ददात नव्हती, पण नदी सोडून माळावर गेलं की काडी मिळत नाही. जुलै १८०६ मध्ये लुईस तीन माणसं घेऊन मरायस नदीच्या बाजूला गेला तेव्हा तेच झालं, लाकूड नाही, मग बायसनच्या वाळक्या शेणावर जेवण शिजवलं आणि काम चांगलं भागलं.

त्या मैदानातले फ्रेंच बोलणारे लोक याला 'ब्वा द वाश' म्हणायचे, म्हणजे गाईचं लाकूड. मला हा शब्द फार आवडतो, पण मराठीत त्याचं भाषांतर करत बसू नका, वाचणारा गोंधळेल. 'लाकूड मिळेना म्हणून त्यांनी माळावरच्या रानशेणी गोळा केल्या' एवढं लिहिलं तरी आपल्याकडच्या कुठल्याही गावच्या माणसाला ती चूल दिसेल.