ताम्हिणीसाठी गाडीत बसवलेला सीबी रेडिओ

प्रश्न : मी वारज्यात राहतो. आम्ही सहा मित्र आपापल्या गाड्या घेऊन पावसाळ्यात ताम्हिणी, वरंध या बाजूला जातो. गेल्या वर्षी ताम्हिणीत सगळ्यात मागची गाडी चारीत घसरली. फोनला रेंज नव्हती, त्यामुळे पुढच्या आम्हा पाच जणांना पाऊण तास पत्ताच नव्हता. त्या गाडीत मित्राची आई होती. तो प्रसंग मनातून जात नाही, म्हणून भाच्याकरवी अमेरिकेहून चाळीस चॅनलचे दोन सीबी (सिटिझन बँड) रेडिओ, म्हणजे गाडीतून गाडीत बोलायचे बिनतारी संच, मागवले. नाना पेठेतल्या ओळखीच्या वायरमनने एक माझ्या गाडीत डॅशबोर्डखाली बसवला आणि छतावर लोहचुंबकाचा अँटेना ठेवला. दुसरा शेवटच्या गाडीत आहे. बाकीच्यांनी ऑनलाइन स्वस्तातले वॉकीटॉकी घेतले. मागच्या रविवारी पौड रस्त्यावर हवालदाराने अँटेना पाहून गाडी बाजूला घ्यायला लावली. पावती फाडली नाही, पण फोटो काढला आणि ‘वायरलेसचा परवाना आणा, नाहीतर गाडी जमा करू’ असं बजावलं. सर्व्हिस सेंटरवाले म्हणतात, तुमची वॉरंटी गेली. अँटेना काढून टाकला की विषय मिटेल का?

उत्तर : नाही, मिटणार नाही. सगळ्यांचं लक्ष अँटेनाकडे गेलंय, पण तो यातला सगळ्यात निरुपद्रवी भाग आहे. अडचण डॅशबोर्डखालच्या पेटीत आहे, आणि त्याहून मोठी अडचण तुमच्या मित्रांच्या हातातल्या वॉकीटॉकीत आहे.

आधी पाया समजून घ्या. आपल्याकडे बिनतारी संच नुसता जवळ ठेवायलाही परवाना लागतो, वापरणं तर पुढचं. १९३३ च्या वायरलेस टेलिग्राफी कायद्याचं कलम ३ हेच सांगतं. विनापरवाना ट्रान्समीटर बाळगणाऱ्याला कलम ६ मध्ये तीन वर्षांपर्यंत कैद किंवा एक हजार रुपयांपर्यंत दंड किंवा दोन्ही, अशी शिक्षा आहे. दंडाची रक्कम हास्यास्पद वाटेल, पण कैदेचा शब्द तिथे आहे हे विसरू नका. या जुन्या कायद्यांची जागा घेण्यासाठी केलेल्या २०२३ च्या दूरसंचार अधिनियमातही तत्त्व तेच ठेवलंय : रेडिओ उपकरण बाळगायचं तर अधिकारपत्र हवं, नाहीतर सूट हवी.

तुमच्या कामाची आहे ती ही सूट. २००५ साली केंद्र सरकारने नियम करून २६.९५७ ते २७.२८३ मेगाहर्ट्झ हा फ्रिक्वेन्सींचा पट्टा, म्हणजे सिटिझन बँड, परवान्यातून मोकळा केला. अट अशी की, अँटेनातून बाहेर पडणारी परिणामी शक्ती ५ वॉटच्या आत असावी आणि दुसऱ्या कुणाच्या अधिकृत संदेशवहनाला त्रास होऊ नये. तसा त्रास झालाच, तर शक्ती कमी करा, अँटेना बदला असं सांगितलं जातं आणि तरीही भागलं नाही तर वापर बंद करावा लागतो. म्हणजे सीबी रेडिओ भारतात मुळातच बेकायदा आहे, ही समजूत चुकीची आहे. हवालदारसाहेबांनी परवाना मागितला, पण या बँडसाठी द्यायला परवानाच नसतो. द्यायची असते ती सूट लागू असल्याची खात्री.

आणि इथेच तुमचा सेट अडकतो. दोन महिन्यांपूर्वी एका अशिलाने असाच अमेरिकी सेट माझ्या टेबलावर आणून ठेवला होता. पुढे गोल बटण, त्याच्या डोक्यावर लाल आकडे, बटण फिरवलं की १ पासून ४० पर्यंत टिकटिक करत आकडे बदलतात. अमेरिकेत हे चाळीस चॅनल २६.९६५ पासून २७.४०५ मेगाहर्ट्झपर्यंत पसरलेले आहेत. आपली सूट मात्र २७.२८३ ला संपते. सत्ताविसावा चॅनल २७.२७५ वर आहे, तो आत बसतो. अठ्ठाविसावा २७.२८५ वर, म्हणजे अवघ्या दोन किलोहर्ट्झने हद्दीबाहेर. तिथून चाळिसाव्यापर्यंतचे तेरा चॅनल आपल्या सुटीत नाहीत. बटणाची एक टिक पुढे गेली की तुम्ही सुटीतून गुन्ह्यात जाता.

तुम्ही म्हणाल, आम्ही एकोणिसाव्या चॅनलवरच बोलतो. बोलत असाल, माझा विश्वास आहे. पण सूट तुमच्या सवयीला दिलेली नाही, उपकरणाला दिलेली आहे. जो सेट हद्दीबाहेर बोलू शकतो तो ‘फक्त सुटीतला’ आहे असं न्यायालयात पटवून देणं मला तरी अवघड वाटतं.

सेटवर एसएसबी (सिंगल साइडबँड, आवाज पाठवण्याची दुसरी पद्धत) असं बटण आहे का, तेही पाहा. अमेरिकेत साध्या एएम पद्धतीला ४ वॉट आणि एसएसबीला १२ वॉट शिखरशक्ती चालते. गाडीवरचा आखूड अँटेना बरीच शक्ती वाया घालवतो (अकरा मीटरच्या लहरीचा चतुर्थांश म्हणजे पावणेतीन मीटरची काठी हवी, तुमच्या छतावर त्याच्या निम्मीही नसेल), त्यामुळे एएमवर तुम्ही ५ वॉटच्या खूप आत असाल. एसएसबीवर ती खात्री मी देणार नाही. आणि वायरमन कधी ‘बूस्टर टाकून देतो’ म्हणाला, तर त्याला तिथेच थांबवा.

तिसरी गोष्ट कागदाची. सूट असलेल्या बँडमधल्या उपकरणालाही दूरसंचार विभागाच्या डब्ल्यूपीसी या वायरलेस शाखेकडून उपकरण-मान्यता, म्हणजे ईटीए, असावी लागते. सेटच्या पाठीवरच्या चिकटपट्टीवर अमेरिकी संस्थेचा क्रमांक असेल. त्याला इथे किंमत नाही. शिवाय भाच्याने हे सेट विमानतळावर जाहीर केले होते का, हे तुम्ही लिहिलेलं नाही. केले नसतील तर कस्टमचा वेगळाच प्रश्न उभा राहतो. त्याची पावती असेल तर जपून ठेवा.

तेव्हा दोन्ही सेट गाड्यांतून काढा, बंद करून ठेवा आणि भाच्याबरोबर परत पाठवा. ऑनलाइन विकायला मात्र काढू नका. वायरलेस उपकरणांची विक्री हाही परवान्याचाच विषय आहे, आणि जाहिरात म्हणजे स्वतःच्या हाताने लिहून दिलेला पुरावा.

आता मित्रांचे वॉकीटॉकी. स्वस्तातले बहुतेक सेट वाटेल त्या व्हीएचएफ-यूएचएफ, म्हणजे सीबीच्या बऱ्याच वरच्या, फ्रिक्वेन्सीवर बोलतात. हे बँड पोलीस, रुग्णवाहिका, हौशी रेडिओवाले अशांना नेमून दिलेले आहेत. तुमचा सेट निदान सुटीच्या उंबरठ्यावर तरी आहे, हे सेट पूर्ण बाहेर आहेत. त्यात पुण्याच्या पश्चिमेला एनडीए, उत्तरेला खडकी आणि देहूरोडची छावणी, पूर्वेला लोहगावचा हवाई तळ. असा सेट हातात घेऊन लष्करी कुंपणाजवळ चहाला थांबलात, तर खुलासा वाहतूक हवालदाराला द्यावा लागणार नाही. मित्रांना हे आजच सांगा. ऑनलाइन मिळतं म्हणजे कायदेशीर असतं, हा गैरसमज इतका पसरला की २०२५ मध्ये केंद्रीय ग्राहक संरक्षण प्राधिकरणाला वॉकीटॉकीच्या ऑनलाइन विक्रीसाठी स्वतंत्र मार्गदर्शक तत्त्वं काढावी लागली.

पोलिसांच्या धमकीबद्दल. मोटार वाहन कायद्याच्या कलम ५२ मध्ये गाडीतल्या बदलांना मनाई आहे आणि कलम १८२ए खाली प्रत्येक बदलाला ५,००० रुपये दंड किंवा सहा महिन्यांपर्यंत कैद होऊ शकते. पण ‘बदल’ म्हणजे गाडीच्या रचनेतला असा फेरफार की ज्याने तिचं मूळ वैशिष्ट्यच बदलतं, असं स्पष्टीकरण कलम ५२ मध्येच दिलंय. लोहचुंबकाने चिकटवलेला आणि हाताने उचलता येणारा अँटेना त्यात बसत नाही, असं माझं स्पष्ट मत आहे. तेवढ्यासाठी गाडी जमा करता येत नाही. सेटची गोष्ट वेगळी, गुन्ह्याचा संशय आला तर पोलीस वस्तू ताब्यात घेऊ शकतात. तशी वेळ आली तर हुज्जत घालू नका, जप्तीचा पंचनामा मागा, त्यात सेटचा मेक आणि क्रमांक लिहिलाय ना ते पाहा, आणि प्रत घ्या.

तुम्ही न विचारलेली एक गोष्ट मला जास्त सलते. सीबीचा माइक गुंडाळीच्या वायरीला लटकलेला असतो. बोलायला तो हातात घेऊन बटण दाबून धरावं लागतं. कलम १८४ मध्ये गाडी चालवताना हातात धरलेलं संपर्काचं साधन वापरणं धोकादायक वाहन चालवण्यात मोडतं. पहिल्या गुन्ह्यालाही सहा महिने ते एक वर्ष कैद किंवा १,००० ते ५,००० रुपये दंड किंवा दोन्ही. २०२० च्या नियमांनी हातातला फोन फक्त रस्ता पाहण्यापुरता चालवून घेतलाय, बोलण्यासाठी नाही. ताम्हिणीच्या वळणावर धुक्यात एक हात स्टिअरिंगवर आणि एक माइकवर, हे चित्र डोळ्यांसमोर आणा. उद्या काहीही घेतलंत तरी बोलायचं काम शेजारी बसणाऱ्याचं.

वॉरंटीचं थोडक्यात. संपूर्ण वॉरंटी रद्द, हे तोंडी ऐकून घेऊ नका, लेखी मागा. वायरमनने फ्यूज बॉक्समधून जोड घेऊन त्यामुळे काही जळलं, तर तेवढा दावा ते नाकारू शकतील. ब्रेकच्या बिघाडाशी रेडिओचा संबंध त्यांनी दाखवला पाहिजे. आणि पुढे कायदेशीर सेट कायमचा बसवलात, तर विमा कंपनीला कळवून पॉलिसीत जादा इलेक्ट्रॉनिक उपकरणाची नोंद करून घ्या.

मग घाटात एकमेकांशी बोलायचं कसं? सोपा मार्ग ४४६.० ते ४४६.२ मेगाहर्ट्झच्या वॉकीटॉकीचा. हा बँडही २०१८ च्या नियमांनी परवानामुक्त आहे. खोक्यावर फ्रिक्वेन्सी आणि ईटीए क्रमांक छापलेला असेल तरच घ्या, आणि बिल गाडीत ठेवा. डोंगर आड आला की पल्ला तुटतो, पण सहा गाड्यांच्या रांगेला पुरतो. मनापासून करायचं असेल तर हॅम, म्हणजे हौशी रेडिओची परीक्षा द्या. मग १४४ ते १४६ मेगाहर्ट्झवर, छतावर रीतसर अँटेना लावून बोलता येईल. मात्र बोलणाऱ्या प्रत्येकाचा स्वतःचा परवाना हवा, एकाच्या परवान्यावर सहा गाड्या चालत नाहीत.

हे जमेपर्यंत सेटविना निघालात तरी एक करा : प्रत्येक वळणानंतर पुढच्याने मागची गाडी आरशात दिसेपर्यंत थांबायचं, आणि आईला घेऊन येणाऱ्या मित्राची गाडी रांगेच्या मधे ठेवायची.