दवाखाना बंद न ठेवता जुन्या इमारतीतली ओटी (ऑपरेशन थिएटर) नव्याने करता येते का?

तुमचं लातूर जिल्ह्यात तालुक्याच्या गावी छोटं हॉस्पिटल आहे, इमारत जुनी, शेजारी शेजारी दोन ओटी; एकीचं काम चालू असताना दुसरीत ऑपरेशनं चालू ठेवायची आहेत. डॉक्टर, करता येतं. मी याच भागात ओटीच्या एसीची आणि डक्टची (हवा नेणाऱ्या पत्र्याच्या नळाची) कामं करतो. बहुतेकांशी बोलणं फरशी, रंग आणि नव्या लाइटपासून सुरू होतं. तुम्ही आधी फरशीपासून स्लॅबपर्यंतची उंची मोजा आणि बीम किती खाली आलाय ते बघा.

कारण खरं काम हवेचं आहे. स्प्लिट एसी खोलीतली तीच हवा फिरवतो, बाहेरची ताजी हवा आत घेत नाही आणि त्याच्या ओल्या कॉइलवर बुरशी धरते. हॉस्पिटलांना मानांकन देणाऱ्या एनएबीएच या संस्थेच्या निकषांत साध्या ओटीला तासाला किमान २० वेळा हवा बदलावी लागते, त्यातली ४ वेळा बाहेरची. शिवाय बाहेरच्यापेक्षा आतला दाब किमान २.५ पास्कल जास्त हवा. त्यासाठी डक्ट आणि ऑपरेशन टेबलाच्या वर छताला हेपा फिल्टरचा (अतिसूक्ष्म कण अडवणाऱ्या गाळणीचा) प्लेनम, म्हणजे हवा खाली सोडणारी पेटी, आला, आणि जुन्या इमारतीत नेमकी तेवढीच जागा नसते. ओटी वरच्या मजल्यावर असेल तर एएचयू (हवा गाळून, थंड करून डक्टमध्ये ढकलणारं मशीन) गच्चीवर ठेवून डक्ट सरळ स्लॅबमधून खाली आणा आणि प्लेनम दोन बीमच्या मधे बसवा. कोअर कटिंग (मशीननं गोल भोक पाडणं) फक्त स्लॅबला, तेही सळई बघून. बीमला हात लावू द्यायचा नाही, मिस्त्री कितीही म्हणाला तरी.

इमारत ३० सप्टेंबर १९९३ च्या भूकंपाच्या आधीची असेल तर स्ट्रक्चरल ऑडिट झाल्याशिवाय गच्चीवर वजन चढवू नका, भिंतही पाडू नका. आणि पाण्यावर चालणारा चिलर (एसीसाठी गारवा तयार करणारं मशीन) कुणी सुचवला तर सरळ नाही म्हणा. २०१६ साली लातूरला मिरजेहून रेल्वेनं पाणी आणावं लागलं होतं. हवेवर थंड होणारी मशीनच घ्या, फक्त क्षमता आपल्या मे महिन्यातल्या उन्हाचा हिशेब धरून काढायला लावा.

आता धूळ. मला सगळ्यात जास्त काळजी तिचीच वाटते. जुना गिलावा आणि फॉल्स सीलिंग फोडलं की त्यातले ॲस्परजिलस बुरशीचे बीजाणू उडतात, आणि पलीकडे पोट उघडलेला पेशंट असतो. आडोसा फॉल्स सीलिंगपर्यंत करून भागत नाही, थेट स्लॅबपर्यंत न्यावा लागतो, नाहीतर धूळ वरून पलीकडे जाते. कामाच्या खोलीत एक्झॉस्ट फॅन लावून हवा खिडकीतून बाहेर ओढत राहा. दोन्ही ओटींचा डक्ट एक असेल तर तो आधी बंद करून घ्या. राडारोडा ओला करून पोत्यात भरून मागच्या बाजूनं उतरवा, वॉर्डच्या बोळातून नाही. फोडाफोडी केसेस संपल्यावरच. तेवढे दिवस सांधेबदलाच्या केसेस दुसरीकडे पाठवाव्यात असं माझं स्पष्ट मत आहे.

ऑक्सिजनची लाइन जोडताना सप्लाय बंद करावा लागतो, त्या दिवशी चालू ओटीत जम्बो सिलिंडर भरलेले ठेवा. जोडल्यावर प्रत्येक आउटलेटमधून नेमका कोणता गॅस येतो ते भूलतज्ज्ञांनी स्वतः तपासावं.

शेवटी फिल्टरची गळती चाचणी, धूलिकणांची मोजणी आणि स्वॅबचा कल्चर रिपोर्ट. हे तिन्ही कागद हातात येईपर्यंत ठेकेदाराचं शेवटचं बिल देऊ नका आणि नव्या ओटीत केसही घेऊ नका.