तो मडगार्ड भंगारात देऊ नकोस

बाळा,

रविवारी तू गेलास, मी गाळा बंद केला, घरी आलो, जेवलो, तरी तुझ्या मोबाइलमधला तो फोटो डोळ्यांसमोरून हलेना. डाव्या बाजूचा पुढचा मडगार्ड. खालच्या अंगाला वीतभर चाळणी झालेली, हेडलाइटच्या घराला तडा गेलेला. आणि तुझा प्रश्न : "काका, गॅरेजवाला म्हणतो हे भंगारात द्या, फायबरचं बसवतो. देऊ का?"

देऊ नकोस. तुला फोनवर सांगता आलं असतं, पण फोनवर तू "हो हो" म्हणतोस आणि करतोस दुसरंच.

तुझ्या आजोबांची गाडी मुळातली फियाट ११००. १९५३ साली इटलीत निघालेलं मॉडेल, आपल्याकडे कुर्ल्याच्या प्रीमियरच्या कारखान्यातून आलेलं. पण आता ती फियाट राहिलीय कुठे? कुणा कारागिराने छप्पर कापलं, मागचे दरवाजे बुजवले, मडगार्ड हाताने ठोकून लांबवले आणि दोन सीटची उघडी गाडी केली. कारखान्याच्या गाडीचा पत्रा सडला तर दुसऱ्या गाडीवरून माप घेता येतं. मुंबईत याच फियाटच्या घराण्यातल्या पद्मिनीच्या टॅक्सी धावत होत्या तोवर कुर्ल्याच्या भंगारात हवा तो भाग मिळायचा. ऑक्टोबर २०२३ मध्ये शेवटची टॅक्सी रस्त्यावरून उतरली, तरी शोधणाऱ्याला अजून काहीबाही मिळतं. तुझ्या गाडीचं तसं नाही. तिला जोडीदार गाडी नाही, कॅटलॉग नाही, तो कारागीरही हयात नसावा. तिचं माप फक्त त्या गंजक्या तुकड्यात आहे. म्हणून काढलेला तुकडा टाकायचा नाही.

हे मी पुस्तकात वाचून सांगत नाही. तुझ्यापेक्षा थोडा मोठा असताना अशीच एक हाताने बांधलेली गाडी माझ्याकडे आली होती. डावा मडगार्ड पार गेलेला. मी तो उतरवला आणि त्याच संध्याकाळी भंगारवाल्याच्या तराजूत टाकला. मनात म्हटलं, उजवा आहे ना, त्याचा उलटा नमुना काढू. काढला. पत्रा ठोकला, जोडला, सुरेख दिसला. मग बोनेट लावायला गेलो तर डाव्या बाजूला तीन सुतांची फट. मूळ कारागिराचं बोनेटच तिरकं होतं आणि ते झाकायला त्याने डावा मडगार्ड तेवढा पुढे ओढला होता. ते त्या तुकड्यात लिहिलेलं होतं, आणि तुकडा दारूखान्याच्या भंगारबाजारातून वितळायला गेला होता. शेवटी मी बोनेटची कड कापून जुळवली. म्हणजे एक मूळ भाग टाकला आणि दुसरा बिघडवला. मालकाला पत्ता लागला नाही, त्याने पेढे दिले. ते पेढे मला गिळवले नाहीत.

आता काम कसं करायचं ते ऐक. मडगार्ड उतरवण्याआधी गाडीवर असतानाच त्यावर जाड कागद पसर आणि पेन्सिल आडवी धरून घास. कडा, भोकं, जोड सगळं कागदावर उमटतं. मग दर तीन इंचांवर आडवा पुठ्ठा धरून त्याची गोलाई काप, प्रत्येक पुठ्ठ्यावर नंबर घाल. जिथे पत्रा खाल्ला गेलाय तिथे दोन्ही बाजूंच्या चांगल्या भागावरून रेघ पुढे ने. मडगार्ड उलटा करून आतून बघ. बाहेरून पुट्टी आणि रंग खोटं बोलतात, आतल्या हातोडीच्या खुणा बोलत नाहीत. कुठे पत्रा वाळूच्या पिशवीवर ठोकून फुगवलाय, कुठे कड आवळून घेतलीय, सगळं बोटांना कळतं. डोळे मिटून हात फिरव, मी अजून तसंच करतो.

नवा पत्रा वीस गेजचा सीआरसी, म्हणजे थंड लाटलेला, घे. नमुन्यापेक्षा अर्धा इंच मोठा काप. आधी लाकडी मोगरीने ढोबळ आकार, मग डॉलीवर, म्हणजे पत्र्यामागे धरायच्या लोखंडी ठोकळ्यावर, हलक्या हाताने. जोडताना सलग वेल्डिंग ओढत नेऊ नकोस, तापाने पत्रा भजीसारखा फुगतो. इथे एक टॅक, म्हणजे ठिपक्याएवढा जोड, तिथे एक टॅक, मध्ये थंड होऊ दे. दर वेळी पुठ्ठा लावून बघ. आणि सडका तुकडा शेजारच्या खिळ्यालाच टांगलेला असू दे, कारण अर्ध्या वाटेत शंका येते तेव्हा पुठ्ठा पुरत नाही, तो तुकडाच लागतो.

तू विचारलंस, जुन्या माणसाचं वाकडं काम सरळ करू का? आकार वाकडा असेल तर तसाच ठेव, तीच ती गाडी आहे. पण दरवाजाखालच्या सिलमध्ये, म्हणजे उंबरठ्याच्या पोकळ पट्टीत, हयगय नको. या गाडीला खाली वेगळा सांगाडा, म्हणजे चासी, नाही, बॉडीच सगळा भार घेते, आणि छप्पर कापल्यावर तो भार सिलवर आला. पाणी जायची भोकं रंगाने बुजली, आपल्या पावसाने आणि खाऱ्या हवेने आतून गंज धरला. तिथे जाड पत्रा घाल. कापण्याआधी मात्र दरवाजाच्या चौकटीत आडवा लोखंडी अँगल टॅक कर, आणि एका वेळी एकच बाजू उघड. नाहीतर गाडी मधोमध बसते आणि दरवाजा जन्मात लागत नाही. कापलेली सिल? तीही ठेवायची. किती वेळा सांगू?

लोक म्हणतात मी हट्टी आहे. गाळ्यात चालायला जागा नाही, भिंतभर तारेने टांगलेला गंज आहे, खरं आहे. याच कारणावरून भागीदार सोडून गेला. एका गिऱ्हाइकाने चौदा महिने वाट बघून गाडी अर्धवट उचलून नेली. मला वाईट वाटलं, पण मी चुकलो असं आजही वाटत नाही. त्याला गाडी हवी होती त्या तारखेला ती झाली असती, फक्त ती त्याच्या वडिलांची राहिली नसती. जाताना त्याच्यासोबत मी सगळे जुने तुकडे चिठ्ठ्या लावून दिले. पुढे कुणी नीट करायला घेतलं तर त्याला माप मिळेल.

फायबरचं नाव काढू नकोस असं मी म्हणत नाही. गाडी दिवाळीला दारात उभी हवी असेल तर फायबर लाव, बोल्टवर लाव, नंतर काढता येईल. पण मूळ मडगार्ड माळ्यावर ठेव. तेवढं केलंस तरी मी रागावणार नाही.

येत्या रविवारी सकाळी ये. मडगार्ड गोणपाटात बांध, डोंबिवलीहून लगेजच्या डब्यातून आण, कुर्ल्याला हार्बर पकड, रे रोडला उतर. माती, गंज, रंगाचे पोपडे, काही झाडू नकोस. गळून पडेल तेही पिशवीत घालून आण.

तुझा,
काका